लेसर कट्टा, मार्गशीर्ष अमावास्या: कोण काय आणतंय?

गॅल्व्होगण्या

मंडळी, दोन वर्षं नुसतं "करू या, करू या" चाललं होतं. यंदा खरंच होतंय. भोरच्या पुढे मावसभावाचं शेत आहे. पत्र्याची मोठी शेड, तिला लागून चुना मारलेली लांबलचक भिंत, विहीर, संडास-बाथरूम सगळं आहे. थ्री फेजसुद्धा आहे, पण रात्री असेलच याची खात्री मावसभाऊही देत नाही. तारीख मार्गशीर्ष अमावास्येला लागून येणारा शनिवार. चंद्र नाही, आणि पहाटे धुकं पडलंच तर फुकटचा हेझर (किरण हवेत दिसावेत म्हणून धुरकट करणारं मशीन).

मी माझा तीन रंगी प्रोजेक्टर आणतोय. लाल ६३८ नॅनोमीटर अर्धा वॅट, हिरवा ५२० एक वॅट, निळा ४५० दीड वॅट. पेटी घरचीच, अल्युमिनियमच्या जुन्या खिडकीची. दोन प्रश्न आहेत.

एक, प्रोजेक्टर सोडून दाखवण्यासारखं काय काय करता येईल? बायकापोरं येणार आहेत, नुसत्या रेघा बघून अर्ध्या तासात कंटाळतील.

दोन, माझे गॅल्व्हो, म्हणजे किरण फिरवणारे मोटरवरचे छोटे आरसे, ३० केचे (सेकंदाला तीस हजार बिंदू) म्हणून घेतले. इल्डा या लेसर शोवाल्यांच्या संघटनेचा टेस्ट पॅटर्न लावला की मधलं वर्तुळ चौकोनाच्या कडांना टेकतच नाही, आत बारीक होऊन बसतं. गॅल्व्हो गंडलेत की मी?

शंकासुर

अमावास्येच्या रात्री शेतात हिरवे-निळे किरण. सकाळी गावात मांत्रिक येईल आणि मावसभावाच्या शेताचा भाव निम्मा होईल. वाचतोय.

लातूरकर_तात्या

गणूभाऊ, तारीख बघून पोटात गोळा आला. मार्गशीर्ष अमावास्येला आमच्याकडे येळवस (वेळ अमावास्या, शेतात जाऊन जेवायचा सण) असते. अख्खं लातूर शेतात, शहरात चिटपाखरू नसतं. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे सोडून लेसर बघायला आलो तर आई घरात घेणार नाही. अमावास्या आणि शनिवार एकाच दिवशी आले तर मला वजा करा. एक दिवस जरी मागेपुढे असलं तर निघतो, आंबिलीची कळशी घेऊनच.

सोल्डरसम्राट

गण्या, तूच गंडलायस, गॅल्व्हो नाही. :)

भिंतीपासून किती लांब आणि चित्र किती रुंद, हे आधी सांग. ३० के हा आकडा नुसता नसतो, त्याला '८ अंशांवर' अशी शेपटी असते. तीन मीटरवर ८ अंश म्हणजे जेमतेम ४२ सेंटिमीटर रुंदीचं चित्र. तू नक्की अख्खी भिंत भरली असणार.

त्या पॅटर्नची गंमत माहीत नसेल तर सांगतो. फाइलमध्ये ते वर्तुळ चौकोनापेक्षा मोठंच काढलेलं असतं. आरशाला वजन आहे, तो सांगितलेल्या बिंदूपर्यंत पोचायच्या आत पुढचा हुकूम येतो, म्हणून वर्तुळ आक्रसतं. वेग बरोबर असेल तर ते आक्रसून नेमकं चौकोनाला आतून टेकतं. हळू चालवलंस तर चौकोनाबाहेर जातं, जास्त पळवलंस किंवा कोन वाढवलास तर आत बारीक होतं. म्हणजे तुझे आरसे बिचारे धावून दमलेत.

गॅल्व्होगण्या

... अडीच मीटर रुंद. चार मीटरवरून.

सोल्डरसम्राट

म्हणजे जवळजवळ ३५ अंश! बैलाला विमानाच्या वेगाने पळ म्हणतोयस. कोन कमी कर, नाहीतर वेग १२-१५ केवर आण. आणि ट्यूनिंगच्या त्या छोट्या स्क्रूंना हात लावला असशील तर तेही आत्ताच कबूल कर.

गॅल्व्होगण्या

पाव आटा. फक्त एक. शप्पथ.

डोळेवाली

मी डोळ्यांची डॉक्टर. नवऱ्याच्या लेसरवेडामुळे इथे वाचायला लागले, लिहिते पहिल्यांदाच. यादी बघून छातीत धस्स झालं म्हणून लिहिणं भाग आहे.

लेसर पॉइंटरची १ मिलिवॅटची मर्यादा उगाच नाही. उजेड लागला की पापणी मिटायला साधारण पाव सेकंद लागतो, तेवढ्यात १ मिलिवॅटने डोळ्यातल्या पडद्याला (रेटिनाला) इजा होत नाही, असा तो हिशोब आहे. अर्ध्या वॅटच्या वर चौथा, सगळ्यात धोक्याचा वर्ग, तिथे तुमची पापणी स्पर्धेतच नाही. दीड वॅट म्हणजे त्या १ मिलिवॅटच्या दीड हजारपट, आणि तोही डोळ्याच्या भिंगाने पडद्यावर एका टिंबाएवढ्या जागेत गोळा केलेला. दुखतही नाही. पेशंट दुसऱ्या दिवशी येतो आणि म्हणतो, वाचताना मधलं अक्षर दिसत नाही.

२०२३ च्या गणपतीनंतर नाशिककडच्या डॉक्टरांनी मिरवणुकीतल्या लेसरमुळे पडद्याला इजा झालेले रुग्ण आल्याचं जाहीरपणे सांगितलं होतं. सगळी तरुण पोरं. तेव्हा कट्ट्यावर लहान मुलं असणार असतील तर किरण कुठे जाणार आणि कुठे थांबणार हे आधी ठरवा, मेनू नंतर.

उडाणटप्पू

ताई, आदर आहे, पण प्रत्येक धाग्यावर हे प्रवचन होतंच. मी तीन वर्षं दोन वॅटचा निळा वापरतोय. काडेपेटी पेटवली, फुगे फोडले, सनमायकावर बायकोचं नाव कोरलं. डोळे शाबूत. गॉगल लावतो की.

डोळेवाली

कोणता गॉगल? काचेचा रंग काय? त्यावर तरंगलांबी आणि ओडी (काच किती उजेड अडवते तो आकडा) छापलंय का?

उडाणटप्पू

लेसरबरोबर फुकट आला होता. हिरवा आहे, दिसायला मस्त.

सोल्डरसम्राट

उडाण्या, आत्ताच्या आत्ता तो गॉगल काढून ठेव. निळ्यासाठी नारिंगी लागतो. हिरवी काच लाल अडवते, निळ्याला बहुतेक वेळा वाट मोकळी असते. एक कर. गॉगल डोळ्याला न लावता टेबलावर उभा कर, मागे पांढरा कागद, आणि साध्या निळ्या एलईडीचा उजेड काचेतून कागदावर पाड. लेसर नको, एलईडी. कागद निळा दिसला की समज. आणि उलटं खरं मानू नकोस: निळा नाही दिसला म्हणून गॉगल पास झाला असं नाही. पास-नापास छापील आकडाच ठरवतो. ओडी ४ म्हणजे दहा हजारातला एक भाग आत, ओडी ६ म्हणजे दहा लाखातला एक.

गॅल्व्होगण्या

माझी पंचाईत वेगळीच. तीन रंग आहेत. तिन्ही अडवणारा गॉगल म्हणजे डोळ्याला पट्टी बांधून कोशिंबीर खेळणं.

सोल्डरसम्राट

म्हणून तर अलाइनमेंट करताना करंट अगदी खाली ठेवायचा, डायोड जेमतेम लेसर म्हणून पेटेल इतकाच. डायक्रोइक आरसे (एक रंग आरपार सोडून दुसरा परतवणारे) बसवताना पूर्ण ताकद लावणारा माणूस मी एकच पाहिलाय. त्याच्या पेटीतला आरसा सुटला, किरण छताला, छतावरून स्टीलच्या पातेल्यावर, पातेल्यावरून खिडकीच्या पडद्यावर. कापडाला भोक. तो मीच.

शंकासुर

स्वयंपाकघरात प्रोजेक्टर जुळवणाऱ्या थोर पुरुषास दंडवत.

मास्तर_निवृत्त

गणेश, तुझ्या पहिल्या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला दिसत नाही. चाळीस वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं, त्यातलं सांगतो. याला दीड वॅट लागत नाहीत, दीडशे रुपयांचा हिरवा पॉइंटर पुरे.

विहिरीतलं नको, जनावरांच्या हौदातलं पाणी घे, शेवाळ लागलेल्या कडेचं. सुई काढलेल्या सिरिंजमध्ये भर, स्टँडला उभी अडकव आणि दट्ट्या हलकेच दाबून तोंडाशी एक थेंब लोंबता ठेव. पडला नाही पाहिजे. आता पॉइंटर आडवा धरून बरोबर थेंबाच्या मध्यातून किरण जाऊ दे. दोन मीटरवरच्या भिंतीवर हिरवं वर्तुळ उमटेल आणि त्यात काहीतरी वळवळायला लागेल. थेंबच भिंग आहे, हजारपटीच्या घरात मोठं करतो. आमच्या शाळेत एकदा एक लांबट जीव भिंतीच्या या टोकापासून त्या टोकाला पोहत गेला आणि नववी ब मधल्या मुलींनी डब्यासाठी आणलेलं पाणी ओतून दिलं. अंधार मात्र चांगला हवा. थेंब सुकत जातो तसं चित्रही बदलतं, ते बघण्यासारखं असतं.

दुसरं, केसाची जाडी. कार्डाला भोक पाडून त्यावर केस ताणून चिकटवायचा, किरण त्यावर टाकायचा. भिंतीवर आडवी पट्टी येते, मध्ये उजळ आणि दोन्ही बाजूंना काळ्या फटी. शेजारच्या दोन काळ्या फटींतलं अंतर फूटपट्टीने मोजा, मधला उजळ भाग सोडून. लेसरची तरंगलांबी गुणिले भिंतीचं अंतर भागिले ते अंतर, झाली जाडी. केस जितका बारीक तितक्या फटी लांब लांब. मुलांना हे उलटं वाटतं आणि तिथूनच शिकवणं सुरू होतं.

चिंगीची_आई

मास्तर, काल रात्री करून बघितलं! ५३२ चा हिरवा, भिंत ३ मीटरवर. माझ्या केसाच्या फटींतलं अंतर २.१ सेंमी, म्हणजे केस ७६ मायक्रॉन. चिंगीचं २.७ सेंमी, ५९ मायक्रॉन. मग सासूबाई म्हणाल्या माझाही मोजा. त्यांचा पांढरा केस माझ्यापेक्षा जाड निघाला. तेव्हापासून घरात त्यांचा रुबाब बघवत नाही.

डोळेवाली

हे फार आवडलं. फक्त स्वस्त हिरव्या पॉइंटरबद्दल एक. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने तपासलेल्या १२२ पॉइंटरांपैकी हिरव्यांतले जवळजवळ ९० टक्के नियमाबाहेरचे निघाले होते, निकाल २०१३ साली जाहीर झाला. पाकिटावर काहीही छापलेलं असो.

सोल्डरसम्राट

कारण हिरवा पॉइंटर आतून हिरवा नसतोच. ८०८ चा अवरक्त डायोड एका स्फटिकाला पेटवतो, त्यातून १०६४ निघतो, तो पुढच्या स्फटिकात अर्धा होऊन ५३२ होतो. शेवटी अवरक्त अडवणारी बारीकशी फिल्टरची चकती असायला हवी. पैसे वाचवायचे तर पहिली तीच जाते. थंडीत असा पॉइंटर हिरवा कमी देतो आणि न दिसणारं जास्त. चिंगीकडे देण्याआधी मला दाखवा, लेसरची ताकद मोजायचं मीटर आणतोय.

बारामतीकर

अवांतर. तुम्ही लोक डायोड-डायोड करताय, पण सीएनसीवाले (संगणकावर चालणाऱ्या कटिंग मशीनवाले) एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या लगद्याचे बोर्ड, कापतात त्या कार्बन डायऑक्साइड लेसरचा बाप आमच्या बारामतीचा. कुमार पटेल. जन्म १९३८, बारामती. शिक्षण पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, मग स्टॅनफर्ड, मग बेल लॅब्ज. तिथे १९६४ साली हा लेसर काढला. १०.६ मायक्रॉन, डोळ्याला न दिसणारा, आणि आज अर्ध्या जगाचं ॲक्रिलिक त्यावर कापलं जातं. १९९६ मध्ये अमेरिकेचं राष्ट्रीय विज्ञान पदक. गावात दहा जणांना विचारा, नऊ जण म्हणतील कोण पटेल?

शंकासुर

बारामतीहून निघालेली आणि समोरच्याला न दिसता कापणारी गोष्ट. वेगळी ओळख कशाला हवी? हलके घ्या.

संपादक_मंडळ

राजकारण नको. धाग्याचं काश्मीर होण्याआधी परत या.

बारामतीकर

राजकारण मी काढलंच नाही! असो. मी ४० वॅटची मशीन आणू शकत नाही, पाण्याची टाकी-पंप-धुराडं सगळं लागतं. पण एमडीएफची रांगोळीची छापं कापून आणतो, ज्याला हवी त्याने नाव सांगा. आणि कोणी घरून रेक्झिन किंवा पीव्हीसी कापायला देऊ नका. क्लोरीनचा आम्ल धूर निघतो, माणूसही खोकतो आणि मशीनची रेलही गंजते. गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकाने 'लेदर' सांगून रेक्झिन दिलं, दोन भिंगं गेली माझी.

ओहायोकर

कट्ट्याला येता येणार नाही, जळतोय. इथे मागे हौशी लोकांच्या एका मेळाव्याला गेलो होतो, गाव सोडून शेतातल्या गॅरेजमध्ये. एका आजोबांनी छापखान्यातून काढलेला जुना अर्गॉन लेसर आणला होता. भिंतीतून किलोवॅटभर वीज ओढायची आणि पलीकडून निळाहिरवा उजेड द्यायचा काही मिलिवॅट. बाकी सगळी उष्णता. बाहेर बर्फ पडत होता. दोन तासांनी सगळे नवे झगमगीत प्रोजेक्टर सोडून लोक त्या अर्गॉनच्या पंख्यामागे हात शेकत उभे. सगळ्यात चांगल्या गप्पा तिथेच झाल्या.

जुनाबाजार

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी बारकोडच्या एका मोडक्या मशीनमधून हीलियम-निऑनची नळी मिळाली. विकणारा म्हणाला, "ट्यूबलाइट हाय, बारीक." चाळीस रुपये. पॉवर सप्लाय त्याच खोक्यात होता. रेझिस्टरचं टोक तुटलेलं, ७५ के लावला, श्वास रोखून बटण दाबलं. एकदा टिक, दुसऱ्यांदा टिक, आणि नळी आतून गुलाबी-केशरी भरून आली. समोरच्या कपाटावर लाल ठिपका, ६३२.८ नॅनोमीटर. मी पन्नाशीचा माणूस, एकटाच टाळ्या वाजवत होतो. मग कुत्रं भुंकलं.

याचा मायकेल्सन (एकाच किरणाचे दोन भाग करून पुन्हा एकत्र आणायचे, मग भिंतीवर पट्ट्या दिसतात) करावा म्हणतो. शहाबादी फरशी आणि खाली स्कूटरची अर्धी फुगवलेली ट्यूब, म्हणजे जमिनीची थरथर वर येत नाही. कुणाकडे बीम स्प्लिटर, म्हणजे किरण दुभागणारी काच, आहे का?

मास्तर_निवृत्त

माझ्याकडे आहे, आणतो. पोरांना सांगायला सोन्यासारखी संधी. हिंगोलीत औंढा नागनाथजवळ लायगोची, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणारी, वेधशाळा व्हायची आहे, एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने २,६०० कोटी मंजूर केले. तिच्या दोन भुजा चार-चार किलोमीटरच्या, तुमच्या फरशीवर वीतभर. पण मूळ युक्ती तीच. आरसा ३१६ नॅनोमीटर सरकला की भिंतीवरची एक पट्टी सरकून दुसरी तिच्या जागी येते. फरशीला नुसतं बोट टेकवा, पट्ट्या धावत सुटतात.

लातूरकर_तात्या

हिंगोली म्हणल्यावर ऊर भरून आला. अमावास्या-शनिवार पंचांगात बघितलं, यंदा एका दिवशी नाहीत. येतोय! भज्जी किती जणांसाठी?

शंकासुर

आणि मटण? मार्गशीर्ष आहे, घरून परवानगी मिळणार नाही.

चिंगीची_आई

शेवटचा गुरुवार अमावास्येच्या आधी होऊन जातो. शनिवारी मटणाला आमच्या घरची हरकत नाही. भज्जी आणि मटण वेगळ्या पातेल्यांत, एवढी दया करा.

सोल्डरसम्राट

स्टीलची पातेली बीमपासून लांब ठेवा. अनुभवाचे बोल.

उडाणटप्पू

गॉगल बघितला. कागद लख्ख निळा. तीन वर्षं मी काय लावून फिरत होतो देव जाणे. डोळेवाली ताई, दवाखान्यात तपासायला येऊ का? आणि प्रवचन म्हणालो त्याबद्दल सॉरी.

डोळेवाली

याच. बाहुली मोठी करायचे थेंब घालावे लागतात, गाडी चालवत येऊ नका. आणि निळा घेऊन या कट्ट्याला, तुमच्यासाठी एक प्रयोग आहे. पारदर्शक मोठ्या फुग्यात काळा छोटा फुगा फुगवायचा. बाहेरचा तसाच राहतो, आतला फुटतो. आर्थर शॉलो हा नोबेलवाला भौतिकशास्त्रज्ञ रूबी लेसरने हेच करून दाखवायचा, पडद्यावर इलाज करताना लेसर डोळ्याच्या पुढच्या भागातून काही न जाळता कसा जातो ते समजवायला. आम्हा लोकांचं अख्खं कामच त्या फुग्यात आहे. लेसर स्टँडला घट्ट बांधलेला, मागे काळी वीट, लोक सगळे मागे, आणि नारिंगी गॉगल मी आणते.

गॅल्व्होगण्या

धागा चार दिवस बघितला नाही, हाफिसात ऑडिट होतं. वाचून काढला, डोळे भरून आले (पापण्या मिटून).

काल रात्री पावणेएकला कोन कमी करून तीन मीटरवर ४२ सेंमीवर आणला. तो पाव आटा उलटा फिरवला. वर्तुळ हललं, थोडं फुगलं आणि चौकोनाला चारी बाजूंनी येऊन टेकलं. बायकोला उठवून दाखवलं. ती म्हणाली, "गोल आहे." आणि झोपली.

पांढरा अजून पांढरा येत नाही, निळसर-हिरवट येतो.

सोल्डरसम्राट

लाल कमी पडतोय. डोळ्याला ५२० हा ६३८ पेक्षा साडेतीन-चारपट उजळ दिसतो, आणि तुझ्याकडे हिरवाच दुप्पट ताकदीचा. हिरवा नि निळा सॉफ्टवेअरमध्ये खाली उतरव, लाल पूर्ण राहू दे. चित्र मंद होईल पण पांढरं होईल. तसंही अमावास्येला मंद पुरतं.

गॅल्व्होगण्या

बरं, मग ठरलं असं. प्रोजेक्टर भिंतीकडे तोंड करून, बीम डोक्यांच्या तीन मीटर वरून जाणार आणि भिंतीतच मरणार. आकाशाकडे एकही किरण नाही, वरून विमानं जातात. स्कॅनर (गॅल्व्होचे आरसे) अडकला तर लेसर बंद करणारं सर्किट लावलंय, सम्राटाने तपासून दिल्यावरच चालू करू. पण पहिला तास प्रोजेक्टर बंद. हौदाचा थेंब, केस, मायकेल्सन, फुगा, यातच वेळ जाणार असं दिसतंय. मी दोन महिने पेटी बनवली आणि भाव खाणार जनावरांचा हौद.

हेझर मात्र नाही माझ्याकडे. धूप चालेल?

जुनाबाजार

चालतो, पण शेडमध्ये कोंडून नको, आणि आरशांवर चिकट थर बसतो. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसत बसशील. उदबत्तीचा पुडा लांब, वाऱ्याच्या दिशेला लाव. मोगरा नको, चंदन घे.

शंकासुर

अमावास्या, शेत, हिरवे किरण, आणि आता धूप. मांत्रिकाचा खर्च वाचला, तोच तू.

चिंगीची_आई

हौदाचं पाणी आदल्या दिवशी बदलू नका म्हणून मावसभावाला कोणीतरी सांगा. चिंगी विचारतेय.

गॅल्व्होगण्या

सांगितलं. तो विचारतोय, "एवढी पुण्याहून माणसं हौदातलं शेवाळ बघायला येणार?" हो म्हटलं. आणि मटण तीन किलो धरतोय.